लाल पेज

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी भात थोडा लवकर शिजायचा. बाबा आलापल्लीला वनखात्याच्या लाकूड डेपोत कामाला होते. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे ते शनिवारी दिवेलागणीला आरमोरीत परत. सहा दिवस तिथे सागाचे गोल ओंडके मोजायचे, हाताने रांधून खायचे, आणि घरी आले की त्यांच्या शर्टाला ओल्या लाकडाचा वास यायचा. मला ते दिसायच्या आधी ऐकू यायचे. कोपऱ्यावरच्या बोअरिंगवर हातपाय धुताना तिचा दांडा करकरायचा, मग पायरीवर चपला आपटल्याचा आवाज, मग खुंटीला पिशवी. तेवढ्या वेळात मी भाताचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवून तयार असायची.

आमच्याकडे भात भरपूर पाण्यात शिजतो. शीत बोटांत दाबून बघायचं, झाकण लावायचं, दोन फडक्यांनी गंज धरून वाकडा करायचा आणि पेज खाली वाटक्यात निथळू द्यायची. घरात कुकर होता, पण तो डाळीचा. भात कुकरला लावला की आई म्हणायची, "हा भात नाई, लगदा हाय." आई अंगणवाडीत होती, तिला घरी यायला उशीर व्हायचा, म्हणून दहावीपासून रांधणं माझ्याकडे आलं आणि मी ते कोणाला परत दिलं नाही. बाबा पाटावर बसले की पहिल्यांदा पेजेचा वाटका. आमच्याच धानाच्या बांधीतला तांदूळ, चिमूटभर मीठ, बाकी काही नाही. बाबा दोन्ही हातांनी वाटका धरत, एक घोट घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "मीठ बराबर हाय वं, रंजू."

दर शनिवारी हेच. मीठ कधी कमी पडलं असेल, कधी जास्त झालं असेल, वाक्य तेच. बाबा एरवी बोलणारे नव्हते. दादाला नोकरी लागली तेव्हाही त्यांनी फक्त मान हलवली होती. त्यामुळे आठवड्यातून एकदा मिळणारं ते वाक्य माझं होतं, घरात दुसऱ्या कोणाला तसं वाक्य नव्हतं, आणि मला त्याचा फार गर्व होता. आता वरोऱ्याला, सासरच्या ज्वारी-गव्हाच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर, मी कधी पेज केली तर शेजारच्या बाई विचारतात, कोण आजारी आहे. मी सांगत बसत नाही.

मग दादाचं लग्न झालं आणि शुभांगी वहिनी घरात आली.

वहिनी नागपूरची. एम.एस्सी. झालेली, आरमोरीतच ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली. तिच्यात वाईट काही नव्हतं, हीच माझी पहिली अडचण. मी शोधून पाहिलं. उशिरा उठत नव्हती, उलट बोलत नव्हती, माहेरचं कौतुक सांगत नव्हती. आईला वाचनाचा चष्मा तिनेच करवून दिला. दादा तर तिच्याकडे बघूनच अर्धा जेवायचा. माझ्याशीही ती नीट वागायची, आपल्या ओढण्या मला वापरायला द्यायची, आणि मी त्या घेऊन मनातल्या मनात नाक मुरडायची. तिला फक्त एक येत नव्हतं, भात निथळणं. पहिल्याच आठवड्यात तिने गंज वाकडा केला आणि अर्धा भात मोरीत गेला. त्या दिवशी मी तिला म्हटलं, "राहू द्या वहिनी, मी करतो." इतक्या गोड आवाजात मी आयुष्यात कोणाशी बोलले नसेन.

वर्षावास लागला होता. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असे. आई तिथे वाचायला बसायची, आणि त्या काळात आमच्या घरात मासळी-मटण बंद. एरवी शनिवारी वैनगंगेची मासळी असायची. आता डाळ, भात, चवळीची भाजी, पुन्हा डाळ. बाबा तक्रार करत नसत, पण दुसऱ्यांदा भात घेत नव्हते हे मी बघत होते. वहिनीनेही बघितलं होतं.

एका शनिवारी कॉलेजातून आल्या आल्या ती म्हणाली, "रंजू, आज तू आराम कर. मी पास्ता करते. एका गंजात होतो, अर्धा तासही लागत नाही."

तिने माहेरून दोन पाकिटं आणून ठेवली होती. आत पिवळट, तिरक्या कापलेल्या नळ्या. हॉस्टेलच्या खोलीत तिच्याकडे एक शेगडी आणि एक गंज एवढंच होतं, त्यावर ती हे शिकली होती. मला ती म्हणाली, "बघ ना, सोपं आहे." मी म्हटलं मला कपडे घडी करायचे आहेत. कपडे ओले होते, पावसाचे दिवस. तरी मी समोरच्या खोलीत जाऊन ओल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले आणि स्वयंपाकघराकडे पाठ केली. कांदा-लसूण तेलात पडल्याचा आवाज आला, मग टमाट्याचा वास, मग ढोबळी मिरचीचा, मग खलबत्त्यात काहीतरी कुटलं गेलं आणि ओव्याचा वास आला. ओवा अशा गोष्टीत घालतात? माझं लक्ष सगळं तिकडे होतं, पण मान मी वळवली नाही. ही मान वळवली असती तर पुढचं काही झालं नसतं.

बाबा आले. पाटावर बसले आणि सवयीने हात पुढे केला. वहिनी म्हणाली, "बाबा, आज भातच नाही केला. त्यामुळे पेज नाही." मी दारात उभी राहून वाट बघत होते. मला वाटलं आता त्यांचा चेहरा उतरेल. बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. हात मागे घेतला आणि ताटाकडे बघू लागले. ताटात लालसर दाट रस्सा, त्यात नळ्या, वरून दुधाची साय. त्यांनी एक नळी उचलून तिच्या भोकातून आरपार बघितलं. दादा हसला. मग बाबांनी खाल्लं. मग पुन्हा मागितलं. मग तिसऱ्यांदा मागितलं, आणि शेवटी बोटाने ताट पुसलं.

"काय म्हणते याले?"

"पास्ता, बाबा."

"लय मस्त हाय. रंजू, तू शिकून घे वहिनीपासून."

बाबांनी माझं काही काढून घेतलं नव्हतं. त्यांना आठवलंही नसेल की आज ते वाक्य म्हणायचं राहिलं. तेच मला सहन होत नव्हतं. मी माझी ताटली घेऊन परसात गेले आणि खाल्लं. चांगलं झालं होतं. वाईट झालं असतं तर मी त्या रात्री तिला माफ केलं असतं.

पुढचे दोन शनिवार मी भात केला, पेज दिली, मीठ बराबर होतं. पण जेवताना बाबा विचारायचे, "त्या नळ्या केव्हा?" तिसऱ्या सोमवारी जाताना त्यांनी वहिनीला सांगितलं, "बेटा, या शनिवारी डेपोतल्या मडावीले घेऊन येतो. त्याले सांगितलं मी, आमची सून काय करते ते. तो म्हणते खोटं बोलून राह्यला." बाबा डेपोत घरच्या गोष्टी सांगतात, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या पेजेबद्दल मडावीकाकांना कधी सांगितलं होतं का? आठवडाभर मी हाच विचार करत होते. झाडताना, भांडी घासताना, पुस्तक समोर धरून.

त्या शनिवारी वहिनीला कॉलेजात पेपर तपासायला थांबवून घेतलं. दुपारी तिने कोणाच्या तरी हाती निरोप पाठवला, साडेसहापर्यंत येते, आल्याबरोबर करते, वेळ लागत नाही. आई विहारात जायला निघाली होती. ती म्हणाली, "थांब तिच्यासाठी. घाई नको करू." मी हो म्हटलं. आई कोपऱ्यावरून वळली आणि मी डब्यामागचं दुसरं पाकीट काढलं.

मला काही बिघडवायचं नव्हतं. हे मी इतक्या वर्षांनी स्वतःला सोडवण्यासाठी लिहीत नाही. मला तेच, तसंच, तिच्याआधी करून दाखवायचं होतं, म्हणजे कळलं असतं की त्यात काही विशेष नाही, कोणालाही येतं. मी वासावरून आठवत गेले. कांदा, लसूण, टमाटे, ढोबळी मिरची, तिखट, मीठ, कुटलेला ओवा. नळ्या टाकल्या आणि पाणी घातलं. किती घालायचं ते माहीत नव्हतं, म्हणून भाताला घालते तसं भरपूर. उकळी आली. मी नळी बोटांत दाबून बघितली, शीत बघावं तशी. शिजली होती. मग माझ्या हातांनी मला न विचारता जे रोज करतात ते केलं. झाकण लावलं, दोन फडकी घेतली, गंज वाकडा केला आणि सगळं पाणी खालच्या गंजुल्यात निथळून काढलं.

झाकण उघडलं तेव्हा कळलं. नळ्या गोळा होऊन बसल्या होत्या, पांढऱ्या पडलेल्या, कोरड्या. रस्सा नव्हता. तिखट नाही, टमाटा नाही, मिरचीचे तुकडे झाकणाला चिकटलेले. चव होती ती सगळी खाली, लाल पाण्यात. परत ओतावं तर नळ्या आधीच जास्त शिजलेल्या, आणखी पाण्यात त्यांचा लगदा झाला असता. दुसरं पाकीट नव्हतं. आरमोरीत तेव्हा ते मिळायचं नाही. आणि कोपऱ्यावरच्या बोअरिंगचा दांडा करकरू लागला होता.

बाबा आणि मडावीकाका पाटावर येऊन बसले. काका उंच, सावळे, हसरे. "कुठी हाय तुमची सून?" म्हणाले. मी म्हटलं, "येऊन राह्यली." बाबांनी सवयीने हात पुढे केला. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. मी ते लाल पाणी दोन वाटक्यांत ओतलं, वरून चिमूटभर मीठ घातलं आणि दोघांपुढे ठेवलं.

बाबांनी वाटक्यात बघितलं. "पेज लाल काऊन वं?"

बाबांनी घोट घेतला. डोळे मिटले. मग सगळा वाटका एका दमात प्यायले आणि पुढे केला. "अजून हाय का?" काकांनीही प्यायलं, ओठ पुसले आणि म्हणाले, "मानलं बा. अशी पेज मी नाई पेली कधी."

मी पुढे झाले. बोलायला तोंड उघडलंच होतं, बाबा, ही मी केली, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मागच्या दाराने वहिनी आत आली. भिजलेली, हातात पेपरांचा गठ्ठा. तिने गंजात बघितलं, गंजुल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. एका नजरेत सगळं तिला समजलं. तिने गठ्ठा खाली ठेवला, ओढणी खोचली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरं झालं रंजू, मी सांगितलं तसं पाणी वेगळं काढलंस. पावसात गरम प्यायला चांगलं असतं, बाबा." मग तेल तापवलं, लसणाची फोडणी केली, त्या नळ्या मोकळ्या करून परतल्या, उरलेल्या लाल पाण्यातलं दोन पळ्या वर घातलं. दहा मिनिटांत ताटं वाढली. खाणाऱ्याला काही कळलं नसतं.

"शुभांगी बेटा," बाबा म्हणाले, "नळ्या चांगल्याच होतात तुझ्या. पण आजची ती लाल पेज, तिची बात अलग हाय. मडावी, आता सांग, खोटं बोललो का मी?"

ती मला वाचवत होती हे मला तेव्हाही कळत होतं. तिने तोंड उघडलं नसतं तर माझी फजिती झाली असती, मडावीकाकांसमोर बाबांची मान खाली गेली असती. पण त्या घरात त्या संध्याकाळी माझ्या हातून एकच गोष्ट चांगली झाली होती, चुकून का होईना, आणि तीही तिच्या नावावर गेली. मला आता ती परत मागताही येत नव्हती. मागायची तर आधी चूक सांगावी लागली असती. रात्री भांडी घासताना वहिनी हळूच म्हणाली, "मी बाबांना सांगू का उद्या, पेज तुझी होती म्हणून?" मी म्हटलं, "काही गरज नाई." राख घेतली आणि तो गंज इतका घासला की त्याच्या बुडावरची अक्षरं गेली. मी तिचे आभार मानले नाहीत. आजपर्यंत मानलेले नाहीत.

त्यानंतर बाबा लाल पेज मागत राहिले आणि वहिनी काहीतरी कारण काढून टाळत राहिली. टमाटे नाहीत, पाकीट नाही, नागपूरला जाणं झालं नाही. मला तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. वर्षभरात माझं लग्न होऊन मी वरोऱ्याला आले. बाबा निवृत्त झाले, आई गेली, आणि बाबांच्या म्हातारपणाची सगळी वर्षं वहिनीच्या वाट्याला आली. त्यांची औषधं, त्यांचा चहा, त्यांचं ते न बोलणं. मी दिवाळीत आणि उन्हाळ्यात जायची, चार दिवस राहायची आणि बघायची की बाबांना काय हवं ते त्यांच्या आधी तिला कळतं. लोक म्हणत, लेकीपेक्षा सून बरी निघाली. म्हणणाऱ्यांना वाटायचं ते कौतुक करताहेत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात वहिनीचा फोन आला. बाबांचं जेवण सुटलं होतं. दोन घोट पाणी, तेवढंच. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. वहिनी म्हणाली, "रंजू, दोन दिवसांपासून लाल पेज मागतायत. मी करून बघितली, टमाट्याचं सार होतं, ते तोंडात धरत नाहीत. तू कशी केली होतीस?"

माझी मुलगी तेव्हा शेजारी मोबाईलवर काहीतरी बघत बसली होती. ती असे पास्ते आठवड्यातून दोनदा करते, पाणी मोजून घालते. फोनवर सांगण्यासारखं होतं ते सगळं. नळ्या टाक, भाताइतकं पाणी घाल, निथळून काढ. तीन वाक्यं. बाबा तिकडे उपाशी होते आणि माझ्या तोंडातून ती तीन वाक्यं निघाली नाहीत. मी म्हटलं, "मी येतो. आल्यावर करतो." फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली, तरी मी परत फोन लावला नाही. पिशवीत नळ्यांचं पाकीट टाकलं आणि दोन गाड्या बदलून संध्याकाळी आरमोरीला पोचले. वाटेत प्रत्येक थांब्यावर मी एकच गोष्ट मनात म्हणत होते, की मी पोचेपर्यंत काही होऊ नये, कारण झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं.

बाबा होते. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. तोच गंज अजून होता, एका बाजूने पोचा आलेला. कांदा, लसूण, टमाटे, ओवा, नळ्या, भाताइतकं पाणी. वहिनी दारात उभी राहून बघत होती, आणि मी झाकण लावून गंज वाकडा केला तेव्हा ती हलकेच म्हणाली, "अच्छा." मी वाटका भरला, मीठ घातलं आणि बाहेर आले.

पण बाबांना उठवून बसवायला मला येईना. कुठे हात घालायचा, मान कशी धरायची, काही कळेना. ते कण्हले. वहिनीने वाटका माझ्या हातून घेतला, दुसरा हात त्यांच्या पाठीमागे घालून त्यांना आपल्या खांद्याशी टेकवलं, सहज, रोजच्यासारखं, आणि वाटका ओठांना लावला. मी दारात रिकाम्या हातांनी उभी. खरं सांगते, त्या वेळीही माझा जळफळाट झाला. पेज मी केली आणि पाजत होती ती.

बाबांनी एक घोट घेतला. थांबले. डोळे मिटलेलेच होते. मग दुसरा घोट. मग ते वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाले, "मीठ बराबर हाय वं, रंजू."

त्यांना वाटलं, पाठीमागचा हात माझा आहे. वहिनीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी दारातून बोलले असते तर बाबांना कळलं असतं की रंजू तिकडे आहे आणि धरणारी दुसरीच कोणी. त्या हाताच्या आधाराने ते आता शांत झाले होते. मी मानेने खूण केली, तू हो म्हण.

"होय बाबा," वहिनी म्हणाली. नागपूरच्या आवाजात नाही, माझ्यासारखं, थोडं ओढून.

बाबांनी अर्धा वाटका पेज घेतली. मी आत गेले, नळ्या वेगळ्या काढून झाकून ठेवल्या, कोणीतरी खाईल म्हणून, आणि गंज घासायला बसले.